एकदाच विचारणारं गाव

माझ्या धाकट्या बहिणीवर एका गावाने मतदान केलं. ती कुठल्या निवडणुकीला उभी नव्हती. तिला आपली म्हणायचं की नाही, एवढंच ठरवायला एका रविवारी सकाळी गावातली माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमली आणि त्यांनी हात वर केले. हे मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थापा मारतेय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. एवढा पुढारलेला देश, घड्याळं करणारा, आणि माणसाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं याचा निकाल भिशीतल्या बायकांसारखा हात वर करून लावतो!

पण ते खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक व्हायचं तर आधी गावाने हो म्हणावं लागतं, देशाचा नंबर त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी हे काम आता एखादी समिती करते. बहिणीच्या गावात अजून सभा भरते.

गाव आल्प्समधल्या एका उभ्या चढावर आहे. इथे सिंगापूरला, बेडोकमधल्या आमच्या एका ब्लॉकमध्ये सगळी वस्ती मावेल आणि वर दोन मजले रिकामे राहतील, एवढंच. बहिणीचा नवरा तिथे धरणाच्या वीजघरात इंजिनिअर होता. पुण्याहून दोघं गेली त्याला बारा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी तो गेला, हृदयविकाराने, सकाळी बूट घालता घालता. मूलबाळ नाही. बहीण तिथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि नवऱ्याची रक्षा जिथे सोडली त्या ओढ्यावरून रोज कामाला जाते. तिला तिथेच राहायचं होतं, आणि पाहुणी म्हणून नाही. "ताई, मला आता कुठलीतरी व्हायचंय गं," असं ती मला म्हणाली होती. तिने आयुष्यात मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

मी सिंगापूरची नागरिक झाले तेव्हा माझ्या शेजाऱ्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर समोरच्या काकूंनी माझ्या हिंगाच्या फोडणीबद्दल काय सांगितलं असतं, देव जाणे. अर्ज कॉम्प्युटरवर भरला, वाट पाहिली, भारताचा पासपोर्ट परत करताना रडले, आणि एका हॉलमध्ये शेदीडशे अनोळखी लोकांबरोबर उभं राहून शपथ घेतली. त्यामुळे बहिणीचं प्रकरणही अभ्यासाने सुटेल अशी माझी पक्की समजूत होती. परीक्षा म्हटली की आपण मराठी माणसं पदर खोचतो.

आणि परीक्षा होतीच. सभेच्या आधी तीन पंच तोंडी प्रश्न विचारणार होते. गावाचा इतिहास, गावची थोर माणसं, कारभार कसा चालतो, वगैरे. बहिणीने ग्रामपंचायतीतून एक पातळ पुस्तिका आणली, तिचं भाषांतर करून मला पाठवलं आणि मी तिची शिकवणी घ्यायला लागले. मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ऑफिसात काम करते. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे तिची पहाट. मी डबा उघडून बसायची, कानात फोन, आणि विचारायची, "खालची वाडी कशाने गेली?"

"हिमकडा कोसळून."

"किती घरं वाचली?"

"एकच. दगडी कोठी."

अशी आमची घोकंपट्टी दोन महिने चालली. आमच्या ऑफिसातल्या पोरांनासुद्धा ते गाव पाठ झालं असेल.

ते गाव पूर्वी भयंकर गरीब होतं, याचाच मला मोठा धक्का बसला होता. आपल्या डोक्यात स्वित्झर्लंड म्हणजे चॉकलेटच्या वेष्टनावरचं चित्र. पुस्तिकेत होतं की हिवाळ्यात खायला नसायचं, म्हणून तिथले पुरुष डोंगर उतरून परमुलखात जायचे. कुणी परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री म्हणून, कुणी मोठ्या शहरांत मिठाया आणि केक करायला. थोर माणसांत पहिलं नाव अशाच एका हलवायाचं. त्याने समुद्राकाठच्या एका परक्या शहरात दुकान काढलं, गबर झाला, म्हातारपणी परत येऊन त्याने गावातलं सगळ्यात मोठं घर बांधलं. दुसरा एक पाद्री, त्याने चाळीस वर्षं रोज हवामान लिहून ठेवलं. तिसरा छातीच्या विकारावर उपाय म्हणून आलेला चित्रकार, मूळचा दुसऱ्याच देशातला. चौथा एक वाटाड्या, त्याने परदेशी साहेबांना शिखरावर नेलं आणि श्रेय साहेबांना मिळालं. थोर बाई एकही नव्हती. असणार कशी? आपल्याकडच्या बायका मतं देऊन देऊन म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा कुठे तिथल्या बायकांना मत मिळालं.

"परदेशात जाऊन मिठाई विकून मोठे झालेले लोक, आणि परदेशातून आलेला चित्रकार," मी बहिणीला म्हणाले, "हे तुला कुठल्या तोंडाने परकी म्हणणार?"

परीक्षेत तिने बाजी मारली. पंचांनी विचारलेलं सगळं तिला आलं, वर पाद्र्याच्या मांजराचं नावसुद्धा तिने सांगितलं म्हणे. मी त्या दिवशी केशर घालून शिरा केला. सभा म्हणजे नुसता उपचार, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं.

तो रविवार. त्यांची सकाळ, आमची संध्याकाळ. मी खिडकीबाहेरच्या बांबूंवरचे कपडे काढत होते आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. उमेदवाराने मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं असतं. ती शाळेच्या पॅसेजमध्ये, खुंट्यांवर टांगलेल्या कोटांमध्ये उभी होती. घातला होता साधा स्कर्ट, पण कानात आईच्या कुड्या. "हा पोस्टातल्या बाईचा कोट, हा चीजवाल्याचा, हा आमच्या शेजारणीचा," मला दाखवत होती. घाबरली की ती अशीच बडबडते. मग दार उघडलं, कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन तिने तसाच चालू खिशात टाकला.

मला अंधार दिसत होता. एक पुरुषाचा आवाज, जर्मन, सावकाश. खुर्च्या सरकल्याचे आवाज. टाळ्या नाहीत. मला जर्मन येत नाही, पण टाळ्या नाहीत हे कुठल्याही भाषेत कळतं. मी हातात वाळलेला टॉवेल धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

"नाही म्हणाले," बहीण म्हणाली. ती रस्त्यावर आली होती, मागे बर्फ दिसत होतं. "पुष्कळ हात वर गेले गं ताई, नाही म्हणायला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग संतापाने मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हलवायापासून पाद्र्यापर्यंत एकालाही मी सोडलं नाही. गोऱ्यांचा माजच तो, रंगच बघतात मेले, असं सगळं. बहीण ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "तसं नाही ताई. विरोधात आमची शेजारीणच बोलली."

ती शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी, चार गायी पाळणारी सत्तरीतली बाई. बहिणीने दर दिवाळीला तिला फराळाचं ताट दिलेलं. मला तर धक्क्यावर धक्के बसत होते. चकल्या खाऊन उलटली?

सभेत निर्णयाची कारणं द्यावी लागतात, ती बहिणीला आत बोलावून सांगितली. ती म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, मी हिला बारा वर्षं बोलावते आहे. कॉफीला बोलावलं, नाही म्हणाली. गवत कापणीला सगळे जमतो तेव्हा बोलावलं, नाही म्हणाली. गायनमंडळात ये म्हटलं, नाही म्हणाली. नवरा गेला त्या दुपारी मी सूप घेऊन दारात गेले, तुझ्याजवळ बसू का विचारलं. नको म्हणाली, तुम्हाला उगीच त्रास. हिला इतिहास पाठ आहे, पण आमच्यात यायचंच नाही. मग आमच्यातली कशी? एवढं बोलून ती रडायला लागली म्हणे, आणि तिच्यामागून एकेकाला आठवत गेलं. मलाही नाही म्हणाली. मलाही.

"तू खरंच नाही म्हणालीस?" मी विचारलं.

"अगं, पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का?"

मी खाली बसले. स्वयंपाकघरातल्या फरशीवरच.

ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांना समजावून सांगायला नको. पाहुणा म्हणतो नको, यजमान म्हणतो घ्या हो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, यजमान ताटात वाढूनच टाकतो. आग्रह केल्याशिवाय जेवला तर तो हावरट, आणि आग्रह केला नाही तर यजमान कद्रू. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि समोरच्याने ते ओढून काढायचं, असा आपला सगळा व्यवहार. त्या गावात माणूस एकदा विचारतो. नाही म्हटलं की मान देऊन निघून जातो. बहीण बारा वर्षं दाराआड उभी राहून दुसऱ्या हाकेची वाट बघत होती.

आणि हे तिला शिकवलं मी. सोलापूरला आई नोकरीवर जायची आणि दुपारी बहीण माझ्या ताब्यात असायची. एकदा खालच्या काकूंनी करंज्या पुढे केल्या आणि ही पाच वर्षांची पोर लगेच हात घालून मोकळी झाली. मी तिला टेबलाखालून असा चिमटा काढला की आठवडाभर दंडावर निळा डाग होता. तेव्हापासून समोर काहीही आलं की ती आधी माझ्याकडे बघायची. लोक म्हणायचे, धाकटी किती गुणी आहे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

माझी मुलगी सोफ्यावरून सगळं ऐकत होती. ती इथेच वाढली, तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, शेवटी इथलं 'लाह' लावून. "बट मम्मा, मावशी सेड नो, राइट? देन व्हाय शुड दे आस्क अगेन? दॅट्स सो रूड, लाह."

मी तिच्यावर खेकसले. मग बांबूंवरचे उरलेले कपडे काढायला गेले.

तीनचार दिवसांनी बहिणीचा फोन आला. माझ्यापेक्षा तीच सावरलेली होती. शेजारणीकडे ती स्वतःहून गेली होती, दार वाजवून, कॉफी द्याल का विचारून. दोघी मोडक्या वाक्यांत तीन तास बोलल्या. सगळी रीत तिने समजावून सांगितली. म्हातारी आधी विश्वासच ठेवेना. मग कपाळावर हात मारत म्हणाली, त्या दुपारी मी सूप घेऊन तुझ्या पायरीवर बराच वेळ उभी होते, हाक मारशील म्हणून. आणि बहीण आत दाराला टेकून बसली होती, ती पुन्हा कडी वाजवील म्हणून. अर्ज पुन्हा करता येतो. या वेळी तुझ्या बाजूने मी बोलेन, असं शेजारीण म्हणाली होती.

मला बरं वाटायला हवं होतं. पण माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "तीन वर्षं ती बाई भिंतीपलीकडे होती. माणूस मेलेल्या घरात पुन्हा एकदा विचारायला काय जात होतं तिचं?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला आम्हा दोघींचाच एक फोन आठवला.

बहिणीचा नवरा गेला तेव्हा मीही तिला फोनवर विचारलं होतं. इकडे येतेस का राहायला? ती म्हणाली होती, नको गं ताई, तुमचं घर लहान, लेकीची परीक्षा, कशाला अडचण. मी म्हणाले होते, बरं, बघ तुझं. आणि फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं. खरोखर हायसं वाटलं होतं. पाहुण्यांची गादी कुठे घालायची, हा विचार मी त्या फोनच्या आधी दोन दिवस करत होते, तो संपला. नंतर मी पुन्हा विषय काढला नाही. तिला तिथेच बरं वाटतं, असं मी सगळ्यांना सांगत आले.

तिला काय आठवलं असेल ते तिने सांगायची गरज नव्हती. तरी तिने सांगितलं, अजिबात न रागावता.

"तिला आपली रीत माहीत नव्हती, ताई," ती म्हणाली. "तुला होती."