म्हशींच्या समाचाराला

"काय वं माय, बरं वाटून राहिलं ना?" असं म्हणत आमचे दूधवाले काका आजारी जनावराच्या कपाळावर तळहात ठेवायचे. माणसांच्या तापाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. मला टायफॉइड झाला तेव्हा दारातूनच दूध ओतून "चलो, काळजी घ्या" म्हणून गेले. पण आमच्या महाराजपुरात कुणाची म्हैस नुसती शिंकली, की काका समाचाराला हजर, हातात गुळाचा खडा!

दूधवाले तुम्हीही पाहिले असतील, पण असा आवाज ऐकला नसेल. काकांनी गोठ्यातून हाक मारली की तिकडे ओमतीच्या चौकातले ऑटो बाजूला व्हायचे. बारा म्हशी होत्या. कुठल्या म्हशीवर कुठली माशी बसते तेही त्यांना पाठ. आता तो गोठा नाही, काकाही नाहीत.

त्या वर्षी लसवाले आले तेव्हा अख्ख्या वस्तीनं म्हशी लपवल्या. काकांनीसुद्धा. "सुई टोचली की दोन दिवस दूध कमी होते, भैया. गिऱ्हाईक काय डॉक्टर सांभाळणार?" मी हसलो. चहाला दूध मलाही हवंच होतं.

मग लाळ-खुरकूत आली. तोंडाला फेस, खुरांत जखमा. काका घरोघर समाचाराला फिरले. प्रत्येकीच्या कपाळावर हात, प्रत्येकीला गूळ, आणि त्याच चपलांनी परत आपल्या गोठ्यात.

पंधरा दिवसांत त्यांची सगळी रेडकं मेली. अकरा म्हशी आटल्या. मागच्या अंगणात बांधलेली एकच धडधाकट राहिली. जनावरांचे डॉक्टर त्या एकीकडे बोट दाखवून म्हणाले, "दादा, बीमारी आप ही घर लाए हैं। इसके पास मत जाना।"

मध्ये भिंत. पुढच्या आजारी म्हशी काकांकडे, मागची काकूंकडे. ती मात्र काकांच्याच हाताला पान्हा सोडणारी. काकू बसल्या की लाथ. कास दगडासारखी झाली, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. काका भिंतीला तोंड लावून म्हणायचे, "पान्हा सोड माय. तिच्या हातालाबी सोड ना." तोच आवाज, पण शेजारी उभा असून मला नीट ऐकू येईना.

आठव्या दिवशी डॉक्टर मागच्या अंगणातून आले. हातमोजे काढले.

"उसको भी लार आ गई। अब जाइए अंदर।"

काकांनी नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि आत तिच्याकडे गेले.