आधी मेन स्विचला चिकटपट्टी

“मी खंय हात लावलंय त्येका? भायर जाताना मेन बंद केलंय, इतक्याच.”

विक्रोळीच्या चाळीत सावंतकाका मला हे निरागसपणे सांगत होते आणि टेबलावरचा काळा डबा टक्‌... टक्‌... करत होता. हार्ड डिस्क असा आवाज करते तेव्हा ती वाचता येत नसते.

मी साकीनाक्याला कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. हा डबा म्हणजे घरच्या वायफायला जोडलेलं स्टोरेज. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. एक गेली तर दुसरी चालू राहते. काकांची एक डिस्क तीन महिन्यांपूर्वीच गेली होती. डबा तेव्हा सारखा बीप करायचा. काकूंना त्रास झाला म्हणून पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने फोनवरून बीप बंद करायला शिकवलं. झकास. आग तशीच, घंटा बंद.

आणि त्यात होतं काय? चाळीच्या चौऱ्याऐंशी खोल्यांचे स्कॅन केलेले कागद. रेशनकार्ड, लाइटबिल, भाडेपावत्या. सोमवारी पुनर्विकासाच्या पात्रतेची फाइल जमा करायची होती. ज्याचे कागद नाहीत, त्याचं यादीत नाव नाही. बिल्डरला तेवढंच हवं होतं. समितीचे सेक्रेटरी म्हणून काकांनी वर्षभर घरोघरी फिरून हे गोळा केलं होतं. माझा संताप त्यामुळेच जास्त. इतकी चांगली लढाई आणि दारूगोळा ठेवला कुठे, तर मरायला टेकलेल्या एका डिस्कवर!

शुक्रवारी सकाळी मी पाहिलं, तर दुसरी डिस्कही अडखळत होती. अशा वेळी नवी डिस्क बसवून सगळं परत भरायला लावलं, तर त्या ताणानेच जुनी मरते. म्हणून आधी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी लावली, खोली एकपासून क्रमाने. सात-आठ तास लागणार होते.

“काका, डब्याला हात लावू नका.”

“नाय गो बाय. बघूचंय पण नाय.”

आणि मी दुकानात गेले. दुपारी काका-काकू बँकेत निघाले. दोघंही बाहेर पडताना गॅस, नळ आणि मेन स्विच बंद करायचे, हा या घरातला चाळीस वर्षांचा नियम. परत येऊन त्यांनी मेन चालू केला, तेव्हापासून हे टकटक.

बाहेरचा ड्राइव्ह तपासला. सत्तावन्न खोल्या आल्या होत्या. सत्तावीस नाहीत.

“आता?” काकूंनी विचारलं.

“आता मूळ कागद परत मागायचे.”

काका खुर्चीवरून उठले. “चल. चूक माझी, मीच सांगतंय.”

शनिवार-रविवार मी पोर्टेबल स्कॅनर घेऊन त्यांच्या मागे फिरले. अठ्ठावन्न नंबरच्या परबमामी म्हणाल्या, “सावंतांनू, परत? आता काय माझा लग्नाचा फोटो पण हवाय?” पण ट्रंक उघडली त्यांनी. एक जण नालासोपाऱ्याला राहायला गेला होता, तो पिशवी घेऊन आला. रविवारी संध्याकाळपर्यंत सव्वीस झाल्या.

“एकाहत्तर राहिली,” मी म्हणाले. “कोणाची?”

काका स्कॅनरची वायर गुंडाळू लागले. काकूच बोलल्या, “आमचीच. मागच्या पावसात माळ्यावर पाणी गळलं, सगळ्याचा लगदा झाला. हे म्हणाले, असू दे, डब्यात आहे.”

सोमवारी त्र्याऐंशी खोल्यांच्या फाइली जमा झाल्या. सेक्रेटरींची सोडून. काकांनी मुदतवाढीचा अर्ज दिला, महिना मिळाला. डिस्क रिकव्हरीवाल्यांकडे दिली आहे, ते हमी देत नाहीत. म्हणून काका रोज सकाळी रेशन ऑफिसच्या रांगेत उभे असतात, दुसरी प्रत काढायला. रागवायचं तरी कोणावर?

खरं तर माझ्यावर. माझे बाबा गिरणीच्या गेटवर पत्रकं वाटायचे. महत्त्वाचं वाक्य मोठ्या अक्षरात, माणसाची नजर जाईल तिथे, हे मी चौथीत असताना शिकले होते. आणि आठ तासांच्या कामासाठी तोंडी एक वाक्य टाकून निघून आले.

दोन डिस्क असणं म्हणजे बॅकअप नव्हे. तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. हे मी आता प्रत्येकाला सांगते. पण बॅगेतून स्क्रूड्रायव्हरच्या आधी मार्कर आणि चिकटपट्टी काढते, आणि डब्याकडे न जाता आधी दाराजवळच्या मेन स्विचकडे जाते.