पायांसकट फोटो

लिंबाजी चहावाल्याला शेषराव फोटोवाल्याचं गावसुद्धा ठाऊक नव्हतं. १९४१च्या सुमारास औंढ्याच्या जत्रेत दोघं शेजारी बसत, एवढंच. शेषरावाच्या ऐपतीत कॅमेऱ्याचं एकच भिंग होतं. मुखडा खुलवणारं घ्यावं, असा त्याचा बेत होता. पण बंजारा तांड्यावरच्या हरिचंदनं, शेषरावानं तसल्या उसन्या भिंगानं काढलेला, आजारी आईचा छातीपर्यंतचा फोटो पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

“याडीचे पाय कुठायत? उद्या डोकं कुठं टेकवू?”

“मी हाये ना अजून!” म्हातारी हसली.

शेषरावानं हैदराबादेहून मधल्या मापाचं, जुनं भिंग आणलं. त्यात मुखडाही येई, पायही, मागचं देऊळही. ते घेऊन तो तांड्यावर निघाला. त्या फोटोपुढं हरिचंद जन्मभर वाकला. शेषराव मात्र औंढ्यात पुन्हा दिसला नाही.

तो तांड्यावर निघाला तेव्हा लिंबाजी म्हणाला होता, “चहा तर घ्या, शेषराव.”

“म्हातारी वाट पाहून राहिली. आल्यावर घेतो.”