तीन शाळांची एक मास्तरीण

माझी सून कॉम्प्युटरची मास्तरीण आहे. हे ऐकलं की लोक माझ्याकडं बघून मान डोलावतात, जणू मीच काही पराक्रम केला. मी चौथीपर्यंत शिकले. पण शाळा कशाला म्हणावं आणि तमाशा कशाला, एवढं चौथीतही कळतं.

त्या साली पाऊस नव्हता. देगलूरकडच्या आमच्या गावात बाया पाण्यासाठी घागरी घेऊन भांडायच्या आणि पुरुष पारावर बसून होऊ घातलेला नवा जिल्हा वाटून घ्यायचे. कचेरी कुणाच्या शेतात येणार, यावर पैजा लागायच्या. प्यायला पाणी न्हाई आन् यांना कलेक्टर पाहिजे. आमच्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षाचं एक जुनं हायस्कूल होतं. जिल्हा होणार म्हणताच त्यानं आसपासच्या गावांत आणखी दोन काढून ठेवली. जिल्हा झाला की अनुदान आपोआप येतं, असं तो सांगायचा. लोकही ऐकून घ्यायचे.

सून जुन्या शाळेत होती, अध्यक्षाच्या बंगल्याला लागून. नांदेडला कॉम्प्युटर शिकून आली होती. पण कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप आणि किल्ली अध्यक्षाच्या खिशात. पोरांना यंत्रं दिसायची ती दसऱ्याला, चपला बाहेर काढून, हळदीकुंकू लावलेली. उरलेलं वर्ष सून ऑफिसात बसून गुरुजी लोकांचे कागद टाइप करायची. एवढी शिकलेली माणसं, पण बटण दाबायला घाबरत. त्यांची नोकरी पक्की आणि हिची कच्ची. शिक्षण खात्याची तपासणी नीट पार पडली तर कायम करतो, असं अध्यक्षानं तिला कबूल केलं होतं. माझा मुलगा पारावर जिल्हा वाटण्यात गुंतलेला, त्यामुळं आमच्या घराची चूल तिच्या त्या कायम होण्यावरच होती.

तपासणी तिन्ही शाळांची, एकाच दिवशी. यंत्रं एकाच शाळेपुरती. अध्यक्षानं गावाला पाणी आणणाऱ्या टेम्पोवरची टाकी उतरवली आणि गाद्या टाकल्या. तपासणीचे साहेब एका शाळेत पाहुणचार घेत असताना यंत्रं मागच्या दारानं पुढच्या शाळेत न्यायची, असा बेत. कागदावर तीन मास्तरणी होत्या, म्हणून सुनेनं तीन साड्या बदलायच्या. त्यातली एक माझी. त्या दिवशी गावाला पाणी मिळालं नाही.

नातू अंगावर पीत होता, म्हणून मलाही टेम्पोत घातलं. मांडीवर पोरगं आणि एक हात यंत्रावर, हिंदकळू नये म्हणून.

"आत्या, तुम्ही काही बोलू नका," सून म्हणाली. "कुणी विचारलं तर नुसती मान हलवा."

"नंदीबैलावानी?" मी विचारलं. तिनं साड्यांची पिशवी माझ्या पायाशी सरकवली.

पहिल्या शाळेत साहेबांनी यंत्रांकडं लांबून बघितलं आणि उप्पीट खाल्लं. दुसऱ्या शाळेत सून चष्मा लावून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. साहेबांनी तिच्या तोंडाकडं बघितलंही नाही. परक्या बाईच्या तोंडाकडं बघू नये, ही आपली सभ्यता तिथं कामाला आली. तिसरी शाळा पार सीमेवर, पत्र्याची. निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी. साहेब दुपारी तिथं आले तेव्हा मी व्हरांड्यात नातवाला घेऊन बसले होते. तिन्ही ठिकाणी मी व्हरांड्यातच बसले होते. यांनी मास्तरणीची साडी बदलली, खोलीवरची पाटी बदलली, पण म्हातारी बदलायचं कुणाला सुचलं नाही. म्हातारी कुणाला दिसते, असा त्यांचा हिशेब.

नातवानं साहेबांची पँट धरली. सोडवायला साहेब वाकले आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"आजी, सकाळी तुम्ही त्या शाळेत होता ना?"

साहेबांच्या पाठीमागून अध्यक्ष मला हातानं नको नको करत होता. सून दारात उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"व्हते की," मी म्हणाले. "यंत्रं बी तिथंच व्हती. आन् ही माझी सून बी."

साहेब हसले. ते चिडले असते तर मला त्यांचा थोडा तरी आदर वाटला असता. ते खुर्चीत बसले, चहा मागवला आणि अध्यक्षाला म्हणाले, "तिन्हीकडं मॅडमचं नाव लिहिता येणार नाही. एकीकडं लिहितो. कुठं लिहू?"

अध्यक्षानं आधी माझ्याकडं बघितलं. "इथंच लिहा साहेब," तो म्हणाला. "मॅडमना याच शाळेत कायम करू."

संध्याकाळी यंत्रं टेम्पोत बसून बंगल्याजवळच्या शाळेत परत गेली, आपल्या कुलपात. सून कायम झाली, सीमेवरच्या पत्र्याच्या शाळेत, जिथं एकही यंत्र नाही.

ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. पहिला पक्का पगार झाला तेव्हा बोलली, तेही भाजीत मीठ घातलं का एवढंच विचारायला. मला काही वाईट वाटलं नाही. खोटं ज्यांना पगार मिळतो त्यांनी बोलावं. मला कुणी नेमलेलं नव्हतं.

आता ती गाड्या बदलत रोज तिकडं जाते. फळ्यावर खडूनं कॉम्प्युटर काढते, खाली बटणं काढते आणि एकेका पोराला बोलावून बटण दाबायला लावते. पोर फळ्यावर बोट टेकवतं, पांढरं झालेलं बोट चड्डीला पुसतं आणि जागेवर जाऊन बसतं. परीक्षेत सगळी पास होतात. जिल्हा अजून झालेला नाही. तपासणीला साहेब येतात, फळा बघतात आणि चित्र छान काढलंय म्हणतात.