सेल्फ मी मारला

माझ्या पायाच्या कुरुपापासून ते पोटातल्या आवाजापर्यंत माझ्या बायकोला सगळं ठाऊक आहे. ही एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही. म्हणजे — एका माणसाला आहे, पण त्याने ती आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. तुम्ही जरा निवांत बसा. मला हे एका दमात सांगता येणार नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलंच जास्त आहे. पोलादपूरला हायवेच्या कडेला माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. ते मूळचं इसूब मिस्त्रींचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी पान्यांची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता तूच बघ. माझ्या लग्नात आमच्या बौद्धवाडीच्या मांडवात पांढरी टोपी घालून ते पहिल्या रांगेत बसले होते. फोटोत माझ्या सख्ख्या मामापेक्षा तेच जास्त खूश दिसतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आतली धडधड कशी ऐकायची, हे त्यांनी शिकवलं. वीस वेळा चुकलो तरी एकविसाव्यांदा शिकवलं. ईदेला पहिला डबा माझ्या घरी यायचा. असा माणूस सगळ्यांच्या नशिबी येतो का हो? माझ्या आला. कसा आला — तेच तर सांगायचं आहे.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी बिरवाडीचा, सदू तुडीलचा. दोघांनी डिझेल मेकॅनिकचा कोर्स एका बाकावर बसून केला. सर्टिफिकेटं पिशवीत घालून महाडची गॅरेजं पालथी घातली. एकाने तर विचारलं, कागद काय इंजिनात घालू? सदू खो खो हसला. मला रडू येत होतं. सदूचं नुकतंच लग्न झालेलं. माझं ठरत होतं, पण मुलीच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं की आधी कामाला लागा, मग तारीख काढू. मुंबईला जायची माझी छाती नव्हती. हे मी कुणापुढे कबूल करत नव्हतो, पण नव्हती.

मग कळलं, पोलादपूरला इसूब मिस्त्रींना एक माणूस हवाय. एकच. सदूला ते आधी कळलं होतं, आणि त्यानेच मला सोबत नेलं. त्याच्या जागी मी असतो तर नेलं असतं का त्याला? राहू दे.

शुक्रवार होता. मिस्त्रींनी आवारात उभा असलेला ट्रक दाखवला. चालू व्हायचा, चार मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. ते म्हणाले, "ज्याला खोट गावेल त्यानेच सेल्फ मारायचा. दुसऱ्याने केबिनला हात लावायचा नाय. मग मला कोणाला काय विचारायला नको."

हा त्यांच्या गॅरेजचा कायदाच होता. दुरुस्ती कितीही जणांनी केलेली असो, बटण दाबून गाडी चालू करायचा मान खोट शोधणाऱ्याचा. बाकीचे खाली उभे राहून बघणार.

मी फिल्टर खोलला, नोझल बघितले, तास घालवला — हाती काही नाही. सदू मात्र गाडीखाली शांत पडून होता. डिझेल कुठेच गळत नव्हतं, म्हणजे कुठून तरी पाइपात हवा ओढली जात होती. त्याने काय करावं? टाकीपासून एकेका जोडावर बोटाने ग्रीस थापत गेला. एका जोडावर ग्रीस बसलं आणि डिझेलमधले बुडबुडे थांबले. तिथला तांब्याचा वायसर चेपून कडक झाला होता. दोन आण्यांची वस्तू! मिस्त्रींच्या डब्यात त्या मापाचा नव्हता. तोवर मिस्त्री नमाजाला गेलेले. सदूने हात पुसले आणि महाडकडे जाणाऱ्या एका ट्रकला हात केला. जाताना मला म्हणाला, "मिस्त्री आले तर सांग हा, खोट गावली, वायसर आणायला गेलाय म्हणून."

एवढंच सांगायचं होतं मला. एक वाक्य.

तो गेल्यावर मला आठवलं की तांबं तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत मी तो जुना वायसर लाल केला, बादलीत टाकला, परत बसवला. पाइपातली हवा काढली. इथपर्यंत माझ्या मनात काही पाप नव्हतं — असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय. असेलही तसं. पण कुठला वायसर काढायचा, हे मला कुणी दाखवलं होतं? आणि पुढचं तर अगदीच स्पष्ट आहे. काम झालं तेव्हा रस्ता रिकामा होता. मी गाडीपाशी उभा राहिलो. वाट बघितली. वळणावर मिस्त्रींची पांढरी टोपी दिसली — आणि तेव्हा मी केबिनमध्ये चढलो आणि सेल्फ मारला.

मिस्त्री धावत आले. दहा मिनिटं इंजिन ऐकलं. माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे गेलो. दुसरा कुठाय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "गेला. जमणार नाय म्हणाला."

झालं. हेच ते. एवढ्यासाठी तुम्हाला इतका वेळ बसवलं.

सदू तासाभराने आला, घामाने भिजलेला, कागदात गुंडाळलेला वायसर मुठीत. ट्रक धडधडत होता. मिस्त्री त्याला म्हणाले, "काम टाकून पळणारा माणूस मला नको रे बाबा." सदूने इंजिनाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी फडक्याने हात पुसत होतो — स्वच्छ झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत होतो. तो बोलला असता तर मी गेलोच होतो. त्याने वायसर बाकड्यावर ठेवला, "बरं मिस्त्री" म्हणाला आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.

त्याने चार वर्षं एका कारखान्यात पोती उचलली. मग लायसन काढून ट्रकवर ड्रायव्हर झाला. आणि मग — याला काय म्हणायचं, तुम्हीच बघा — घाटात कुणाचीही गाडी बिघडली की तो त्याला माझ्याकडे पाठवायचा. माझ्या कानासारखा कान रायगडात नाय म्हणायचा. माझी अर्धी गिऱ्हाइकं सदूची आहेत. माझी भाकरी एकदा त्याच्या हातून मी ओढली, आणि पुढे रोज त्यानेच वाढली.

मिस्त्री गेले ते मला प्रामाणिक समजूनच गेले. त्यांचा कायदा मी फार कडक पाळतो. माझ्या माणसांना त्याचं कौतुक. आमचा मिस्त्री कुणाचं श्रेय खात नाय, असं ते चारचौघांत सांगतात. मी चहा पीत ऐकून घेतो.

मिस्त्री गेले त्याच वर्षीची गोष्ट. सदू स्वतःचीच गाडी घेऊन आला. खोट त्याने वाटेतच शोधली होती, मी फक्त दोन नट आवळले. माझी माणसं सवयीने खाली उभी राहिली, की आता सदूभाऊ सेल्फ मारणार. सदू केबिनच्या दाराशी गेला, थांबला, वळला.

"मार तूच," तो म्हणाला. "तुला सवय हाय."

सगळे हसले. जुनी दोस्ती आहे, थट्टा चालते. सदूही हसत होता, आणि त्या हसण्यात राग नव्हता. मी शोधला, मला सापडला नाही. बोलायला याहून चांगली वेळ कुठली होती? सगळे समोर होते. एकच वाक्य होतं.

मी चढलो, आणि सेल्फ मारला.