काकांनी बसवलेला सीडी ड्राइव्ह

मशीन ऐकेनासं झालं की काका त्याच्या डब्यावर थाडकन हात मारत. "मुडद्या, बोल की! हाय का न्हाई आत?" भिंगारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासातली पोरं दचकत. असा संतापी माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले काका आमच्याकडे दुरुस्तीला येत. मी तिथे शिकवत असे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं मशीन जुनं, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारं. काकांनी त्याला नवा सीडी ड्राइव्ह जोडला. दिवा लागे, ट्रे बाहेर येई, पण मशीनला ड्राइव्ह दिसतच नसे. तिसऱ्या दिवशी काकांनी स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला. गिलावा उडाला.

त्याच दुपारी सुमनचे दोन दीर आत घुसले. सुमन विधवा, आमच्याकडे टायपिंग करायची. तिनं घराबाहेर पडलेलं सासरी खपत नव्हतं. थोरल्यानं केस धरून तिला खुर्चीवरून खाली ओढलं. मी जागचा हललो नाही. आजही लाज वाटते.

काकांनी कीबोर्ड उपसला आणि थोरल्याच्या तोंडावर असा हाणला की फरशीवर बटणं आणि रक्त सांडलं. सुमनला आतल्या खोलीत ढकलून ते दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. धाकट्यानं लोखंडी खुर्ची उचलली.

"बाजूला सर म्हाताऱ्या!"

"न्हाई सरत."

खुर्ची त्यांच्या बोटांवर आदळली. पुन्हा आदळली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. शेजारचे दुकानदार धावत आले, तोवर काकांनी चौकट सोडली नव्हती.

दीरांना पोलिसांनी नेलं. सुमन माहेरी राहून कामावर येऊ लागली. महिन्याभरानं काका दोन्ही हातांना प्लास्टर घालून आले. "सुमे, बस. मी सांगतो, तू लिही."

मशीनला ड्राइव्ह दिसावा म्हणून त्याचं नाव दोन फायलींत लिहावं लागे. काका आधी स्वतः लिहिलेलंच पुन्हा सांगत गेले. लिहिता लिहिता सुमन थांबली. "काका, हितं येक नाव हाय, तितं दुसरंच. दोन्ही सारकं नको?"

काकांनी पडद्याशी वाकून दोन्ही नावं वाचली. मग म्हणाले, "कर सारखं."

मशीन पुन्हा सुरू केलं. ड्राइव्ह घरघरला, पडद्यावर सीडीतल्या फायलींची यादी उतरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका डब्याकडे बघत होते. "चूक माजी, आन् मार ह्याला," ते हळूच म्हणाले.

त्यांची बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. दुरुस्तीचं काम सुटलं, तसे ते भंडारदऱ्याकडे लेकीच्या घरी निघाले. मी आणि सुमन त्यांना बसवायला स्टँडवर गेलो. ते गाडीत बसले, कंडक्टरनं तिकीट पुढं केलं. काकांना ते धरता येईना. सुमन गाडीत चढली, तिनं तिकीट त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि गाडी सुरू झाली तरी तिला खाली उतरवेना.