दगड सोडून घातलेलं डांबर

डांबर नखांतून जात नाही. रॉकेल लावा, डिझेल लावा, शेवटी घरचं खोबरेलच कामाला येतं आणि तेही नखाच्या कडेला काळी रेघ ठेवूनच. बायको म्हणते, तुमच्या हातचा नैवेद्य घ्यायला देवसुद्धा कचरत असतील. वीसेक वर्षं मी रत्नागिरीच्या आसपास लोकांच्या दारात डांबर घालतो आहे. मोठे रस्ते मोठ्या लोकांचे. माझ्या वाट्याला बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंतची वाट, कलमांच्या बागेतला टेम्पो जाईल एवढा पट्टा, मांडवीकडच्या एखाद्या लॉजचं पुढचं अंगण. पावसाळा संपला की तिथलेच खड्डे भरायला पुन्हा मीच. या कामात माणूस जरा तुसडा होतो. मी तर मुळातच होतो.

हे काम मात्र मी मागून घेतलं होतं. आमच्या गुरुजींच्या घराची वाट. चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं, म्हणजे त्यांनी शिकवलं आणि मी छड्या खाल्ल्या. त्यांचं घर सडकेच्या खाली, उतारावर. सडकेवरून घरी जायला जांभ्या दगडाची पाखाडी, बेचाळीस पायऱ्या. धडधाकट माणसाला त्या पायऱ्यांचं काही नाही. पण गुरुजींच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला रत्नागिरीला जायची पाळी आली, तेव्हा त्या पायऱ्या वैऱ्यासारख्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून त्यांना वर आणायचे. त्याला चार खांदे लागतात. आमच्या वाडीत चार खांदे गोळा करणं ही काय गोष्ट आहे ते मुंबईत पोरगा असलेल्या कुठल्याही घराला विचारा. देवळाचा गुरव, शेजारचा एक निवृत्त पोस्टमन, वरच्या वाडीतला कोणीतरी आणि गावात असलो तर मी. पोस्टमनला स्वतःलाच धाप लागायची. एकदा पायऱ्यांच्या मध्यावर खुर्ची खाली ठेवून आम्ही चौघे दम खात उभे होतो, तेव्हा गुरुजी म्हणाले, "अरे, माणसाला मेल्यावर एकदा खांदा देतात. तुम्ही मला जिवंतपणी किती वेळा देणार?"

आम्ही हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, मला ओटीवर बसवून घेतलं. चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "मला बाकी काय कळत नाय बाबा. दाराशी गाडी आली पायजे. बस्स." मी म्हटलं, येईल. असा शब्द मी पूर्वी शंभर जणांना दिला असेल.

पाखाडीच्या बाजूनं गुरुजींच्याच जागेतून जेसीबीनं उतार काढला. एका अंगाला पुरुषभर उंच गडगा, म्हणजे जांभ्याचा रचलेला बांध, आणि दुसऱ्या अंगाला खालच्या भाताच्या कोपऱ्यात जाणारी उतरण. मधे जेमतेम नऊ फूट जागा. वाट अर्ध्यावर एक वळण घेते आणि नेमकं त्या वळणावर, किंजळीच्या झाडाखाली, राखणदाराचा दगड होता. गुडघ्याएवढा, शेंदूर नाही, घडवलेला नाही. वाडीची राखण करणारा देव म्हणून दरवर्षी त्याला एक नारळ मिळायचा. आमच्याकडे असा दगड कोणाच्याही जागेत असला तरी त्या माणसाचा नसतो. त्याला हलवायचं तर देवळात कौल लावायचा, देवाला विचारायचं. देव हो म्हणाला तर हलवायचं.

जेसीबीवाला दगडापासून चार हात लांबच थांबला. त्याच्या चुलत्यानं कुठलासा असाच दगड उचलला आणि महिन्यात त्याचा हात मोडला, अशी त्याची गोष्ट. मी त्याला हसलो, पण माझ्या माणसांपैकी एकालाही मी 'तू उचल' म्हणालो नाही. स्वतः तर नाहीच. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "पोरांना चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. पण त्या दगडाला हात लावायची माझी टाप नाही. गुरवाला विचार, कौल लाव."

गुरव मुलीच्या लग्नासाठी मुंबईला गेला होता. यायला आठ दिवस. आणि माझा माल परवा येणार होता. मिरजोळ्याच्या बाजूला जिथून मी तापलेलं डांबर-खडी घेतो, तिथे वैशाखात झुंबड असते. पाऊस तोंडावर आलेला असतो, प्रत्येकाला त्याच आठवड्यात माल हवा असतो आणि आपली पाळी गेली की दिवाळीनंतर बघा. माल गरम आहे तोवर पसरायचा, गरम आहे तोवर रोलर फिरवायचा. डांबर कोणासाठी थांबत नाही. देव थांबतो, असं आम्ही धरून चालतो.

दगड तिथेच ठेवून बाजूनं वाट न्यायचं मी ठरवलं, तेव्हा काकी वळणावर येऊन उभ्या राहिल्या. दगड आणि गडगा यांच्यामधे त्यांनी दोन्ही हात पसरून बघितले. म्हणाल्या, "हितनं गाडी वळल ना?"

मी माझा टेम्पो त्या वळणातून काढून दाखवला. एकदा खाली, एकदा वर. "बघा काकी, माझा टेम्पो वळला म्हणजे काहीपण वळेल."

टेप माझ्या खिशात होती. ती मी वाटेची लांबी मोजायला काढली होती. दगडाजवळची रुंदी मी टेम्पोनं मोजली.

कामाच्या सकाळी दगडापुढे नारळ ठेवला. गुरव नाही म्हणून गुरुजींनीच खुर्चीत बसून गाऱ्हाणं घातलं, थकलेल्या आवाजात: "बा राखणदारा, तुझ्या पायाशी वाट होतेय. काय चुकलंमाकलं तर पदरात घे." आम्ही सगळे म्हणालो, "होय महाराजा." मग पायांना गोणपाटं बांधून माणसं कामाला लागली. संध्याकाळपर्यंत वाट काळीभोर झाली. दगडाभोवती मी स्वतः बसून थापीनं गोल कड कापली, अशी की डांबराचा एक थेंब दगडाला लागला नाही. ती कड मला इतकी आवडली की मी फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. लोकांनी हात जोडलेले पाठवले. देवाचा मान राखून केलेलं काम, असं कोणीतरी लिहिलं. माझी छाती दोन इंच फुगली. आज तो फोटो समोर आला तर स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दोन महिने सगळं छान चाललं. रिक्षा दाराशी यायची, गुरुजी काठी टेकत तीन पावलं चालून आत बसायचे. बांबू माळ्यावर गेले. काकी मला भेटल्या की नुसत्या मान हलवायच्या, त्यात सगळं यायचं. पावसातही वाट टिकली. पहिल्या पावसानंतर मी मुद्दाम जाऊन पाणी कुठे साठतं ते बघून आलो, एका जागी ढाळ कमी पडला होता तिथे कडेनं चर काढला. कामात मी कसूर करत नाही, हे मला तेव्हा स्वतःला सांगायला फार आवडायचं.

श्रावणातल्या एका सकाळी, साडेसात-आठच्या सुमाराला, काकींचा फोन आला. "त्यांना श्वास घेववत नाय. अँब्युलन्स वर अडकलीय. तू ये." 'तू तर गाडी वळेल म्हणाला होतास,' हे चौथं वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं.

मी मोटारसायकल घेऊन पोहोचलो तेव्हा गाडी वळणावर तिरकी होऊन उभी होती. पुढचं चाक दगडापासून वीतभर आणि मागची बाजू गडग्याला टेकलेली. ड्रायव्हर पुढे घ्यायचा, मागे घ्यायचा. खालच्या कोपऱ्याच्या बाजूला डांबराची कड पावसानं मऊ झाली होती, तिकडे चाक गेलं असतं तर गाडीच खाली गेली असती. वरून पाऊस. त्यानं काच खाली करून मला विचारलं, "हा दगड काढता येत नाही का?"

शेजारचा पोस्टमन छत्री धरून उभा होता, तो म्हणाला, "देवाचा हाय तो."

ड्रायव्हर देवाला घाबरणाराच होता, त्याच्या काचेसमोर लिंबू-मिरची लटकत होती. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. पंधरा मिनिटं अशी गेली. मग तो उलटा वर सडकेवर गेला आणि स्ट्रेचर खाली आणायचं ठरलं. रिक्षात बसवून वर न्यावं म्हटलं तर गुरुजींना बसवत नव्हतं, बसवलं की डोळे पांढरे व्हायचे. ओसरीवर त्यांना उताणं झोपवलं होतं आणि काकी टॉवेलनं त्यांच्या कपाळाचा घाम पुसत होत्या.

ड्रायव्हर, त्याच्याबरोबरचा माणूस, पोस्टमन आणि मी. पुन्हा चार खांदे. नव्या गुळगुळीत डांबरावर पावसात पाय सरकत होते. जुन्या पायऱ्यांवर निदान पाय रोवता तरी यायचा. वळणावर आलो तेव्हा गुरुजींच्या तोंडावर मास्क होता आणि त्यांनी उजवा हात चादरीतून वर काढला. मला वाटलं माझा हात धरायचा असेल. ते दगडाला नमस्कार करत होते. तेवढा हात वर नेण्यात त्यांची उरलेली ताकद गेली असावी, कारण नंतर तो हात स्ट्रेचरच्या बाहेर लोंबकळत राहिला आणि मी तो उचलून आत ठेवला.

रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या अलीकडेच ते गेले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघितलं असतं. डॉक्टर असं म्हणतातच, असं मला नंतर कितीतरी जणांनी सांगितलं. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

सुतक संपलं, गणपती आले. मुंबईचे सगळे गावात उतरले. वाडीत पन्नास-साठ खांदे, आणि त्यांच्याकडून उचलून घ्यायला कोणी उरलं नव्हतं. आरतीच्या वेळी मी कोपऱ्यात उभा असायचो. कोणी मला दोष दिला नाही. उलट "वेळ आली होती," "देवाच्या मनात होतं," असंच जो तो म्हणायचा. देवाच्या मनात काय होतं ते विचारलं कोणी होतं?

विचारलं ते काकींनी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरवाला निरोप धाडला आणि मलाही. देवळात दहा-बारा माणसं जमली. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं: राखणदाराचा दगड वाटेतून बाजूला घ्यायचा आहे, देवा, तुझी मर्जी असेल तर उजवा दे. असे कौल कधी कधी तासभर लागत नाहीत. देव रुसून बसतो, पुन्हा पुन्हा गाऱ्हाणी घालावी लागतात, मानकरी घसा कोरडा करतात.

गुरवाचं बोलणं संपायच्या आत उजवी कळी खाली आली.

कोणी "होय महाराजा" म्हणालं नाही. काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ती पडलेली कळी बघितली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "येवढंच व्हतं?"

मला रडू आलं आणि मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडलो. कोणी पुढे आलं नाही, बरंच झालं.

दगड काढायला मुंबईचे चार जण आणि दोन पहारी लागल्या. तो रोवलेला नव्हताच. वीतभर माती उकरली तशी सुटा झाला. किंजळीच्या बुंध्याशी छोटा चौथरा बांधून त्यावर ठेवला, नारळ फोडला. सगळं मिळून चहा उकळेपर्यंतचं काम. वाटेत दगडाच्या आकाराचं भोक राहिलं आणि त्याच्याभोवती माझी ती सुंदर गोल कड.

ओल्या जमिनीवर डांबर धरत नाही, म्हणून ते भरायला दिवाळी उलटावी लागली. मधल्या दिवसांत मी रत्नागिरीत अँब्युलन्स उभ्या असतात तिथे गेलो आणि टेप लावून एका गाडीची रुंदी, लांबी, वळायला किती जागा लागते ते सगळं मोजून घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, विकत घ्यायचीय का?" मी आकडे तंबाखूच्या पुडीवर लिहून आणले. आता कुठलंही काम असो, बागेचं की बंगल्याचं, मी पहिल्यांदा ते माप लावून बघतो. लोकांना वाटतं मी उगाच घोळ घालतो. घालू दे.

भोक भरायला गेलो त्या दिवशी काकी काठी घेऊन वळणावर आल्या. ही काठी गुरुजींची. मी चौकोन कापला, जुनी गोल कड फोडून टाकली, झारीनं डांबर शिंपडलं, खडी टाकली, चोपून चोपून बसवली. नवा काळा तुकडा जुन्या राखाडी वाटेवर ठिगळासारखा दिसत होता. तो दरवर्षी थोडा खचतो आणि दरवर्षी मी जाऊन भरून येतो.

मी हात पुसत उभा राहिलो तशा त्या म्हणाल्या, "आता वळल ना गाडी?"

मी तोंडानं हो म्हणालो नाही. टेप काढली, एक टोक गडग्याला लावलं आणि दुसरं काकींच्या हातात दिलं. त्यांना आकडे दिसत नव्हते, म्हणून मी मोठ्यानं वाचले.

"बरं," त्या म्हणाल्या. "माजी येळ आली की अडायला नको."